लाल ठिपक्याला हात लावायचा नाही

माझे दोन भाऊ एकाच शेडमध्ये काम करतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणजे अक्षरसुद्धा नाही. दादा दाराकडच्या अर्ध्या भागात, धाकटा भिंतीकडच्या अर्ध्या भागात, मधे जमिनीवर ऑइल पेंटचा पट्टा, आणि पट्ट्यावर मी. 'त्याला सांग, कॉम्प्रेसर बंद कर.' 'त्याला सांग, कानात बोळे घाल.' दोघं एकमेकांपासून हाताच्या अंतरावर उभे, तरी निरोप माझ्या तोंडून जायला हवा. टपाल खातं बरं, तिथे निदान रविवारची सुट्टी असते.

भांडण कशावरून? एका पान्यावरून. आप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, जुना पाना हरवला. दादा म्हणाला धाकट्याने विकला, धाकटा म्हणाला दादाने लपवला. पुढे तो पाना आप्पांच्याच खोलीत, गादीखाली सापडला. पण तोवर आप्पा गेले होते आणि भांडण मुरलं होतं. पाना मिळाला म्हणून कोण एवढं छान मुरलेलं भांडण टाकून देतो?

आप्पांनी शेडला एक नियम घालून दिला होता. गाडीतला जो स्क्रू, जो नट तुम्ही हलवाल, त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. दादाचा लाल, धाकट्याचा पांढरा. कशासाठी, तर दुसऱ्याला कळावं की इथे कुणाचातरी हात लागलाय, तेव्हा विचारून मगच पुढे जा. साधी, शहाणी गोष्ट. आप्पा होते तोवर शेडमध्ये दिवसभर 'हा लाल कशाला रे?' 'ते असं झालं होतं म्हणून' एवढंच ऐकू यायचं. आप्पा गेले, बोलणं गेलं, ठिपके राहिले. आता लाल ठिपका दिसला की धाकटा तिथून हात काढून घेतो. पांढरा दिसला की दादा. विचारण्यासाठी केलेली खूण, तिचं या दोघांनी कुंपण केलं.

आता माझं सांगते. माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक पाटी, एक जुनी गाडी आणि मी. शिकवणारीच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, तसली गाडी. तिने गेल्या महिन्यात रंग दाखवायला सुरुवात केली. चौकात पाय उचलला की बंद. सिग्नल सुटला की बंद. शिकणारी माणसं आधीच घाबरलेली, त्यात मागून हॉर्न. एका बाईंना भर चौकात रडू कोसळलं आणि त्यांनी आरटीओच्या ऑफिसात जाऊन तक्रार केली. मग दुसरी तक्रार. मग ऑफिसातून निरोप आला की गुरुवारी सकाळी साहेब स्वतः गाडीत बसून बघतील. गाडी आणि शिकवणं दोन्ही ठीक असेल तर परवाना पुढे चालू, नाहीतर बंद. परवाना गेला तर मी काय करणार होते? शेडमध्ये पट्ट्यावर उभी राहून जन्मभर निरोप पोचवणार होते.

गाडी का बंद पडते हे मला माहीत होतं. मेकॅनिक नसले तरी मी आप्पांचीच मुलगी आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी विचारते, ॲक्सिलरेटर दाबला की काय होतं? सगळे म्हणतात, पेट्रोल जातं. मी म्हणते, नाही, दार उघडतं. इंजिनाला आधी हवा लागते. हवेच्या वाटेवर एक नळी असते, तिला थ्रॉटल बॉडी म्हणतात. नळीत एक गोल झडप असते, डब्याच्या झाकणाएवढी. तुम्ही पेडल दाबता, केबल ओढली जाते, झडप फिरते, हवा आत. जितकी हवा आत जाईल त्या मानाने पेट्रोल गाडी स्वतः सोडते. तुमचा पाय फक्त दारवान आहे, मालक नाही.

आणि पाय काढला की? झडप मिटते, पण पुरती नाही. एक बारीकसा टेकूचा स्क्रू तिला किंचित उघडी धरतो. बाजूला एक छोटी वाटही असते, तीही थोडी हवा सोडते. त्या फटीतून इंजिन उभ्या जागी श्वास घेतं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इंजिनाचं तसं नाही, नाक दाबलं की ते मरतं. जुन्या गाडीत झडपेच्या कडेला काजळी साचते, चिकट, काळी, आणि ती फट बुजते. माझ्या गाडीचं हेच झालं होतं.

यावर दोन इलाज. एक म्हणजे नळीत उग्र वासाचा फवारा मारून काजळी घासून काढायची. हा खरा इलाज, पण वेळ खाणारा. दुसरा म्हणजे टेकूचा स्क्रू आवळायचा, दार आणखी थोडं उघडं ठेवायचं, काजळी राहू दे तिथेच. हा आळशाचा इलाज, पण चार महिने चालतो. दोन्हींतला कोणताही एक करा. दोन्ही एकदम केलेत तर दार सताड उघडं राहतं, आणि पाय काढला तरी गाडी पळायला बघते. हे शेडमधल्या उंदरालाही ठाऊक असेल.

बुधवारी मी गाडी दादाकडे दिली. त्याच्याकडे का? कारण तो थोरला. धाकट्याकडे दिली असती तर दादा आठवडाभर तोंड फुगवून बसला असता. दादाने बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर घातला, दोन वेळा मनगट फिरवलं, लाल ठिपका दिला आणि म्हणाला, "झालं. आता बंद पडली तर माझं नाव बदल."

"साफ नाही केलंस?"

"तू गाडी चालव. गाडी दुरुस्त करायला मी आहे."

हा त्याचा स्वभाव. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण गाडी बंद पडेनाशी झाली, हे खरं. मला दुसऱ्या दिवसापुरतं तेवढंच हवं होतं. रात्री शेडमध्येच ठेव म्हणाला, ठेवली.

इथे वहिनीबद्दल सांगायला हवं, दादाच्या बायकोबद्दल. ती माझ्याकडे गाडी शिकत होती. चोरून. 'हिला उभी सायकल धरता येत नाही,' असं दादा चारचौघांत म्हणायचा आणि ती हसून चहाचे कप उचलायची. दुपारी मात्र बाजाराची पिशवी घेऊन माझ्याकडे यायची, पिशवी मागच्या सीटवर टाकायची आणि स्टिअरिंगला अशी बसायची की पोलिसाने सलाम ठोकावा. क्लचवरचा पाय तर तिच्यासारखा मी कुणाचा पाहिला नाही. ॲक्सिलरेटरला न शिवता, नुसत्या क्लचवर ती गाडी मुंगीच्या पावलांनी खांबांमधून काढायची. साहेबांसमोर एक शिकणारा हवा होता. माझे बाकीचे विद्यार्थी साहेब म्हटल्यावर पळाले. वहिनी म्हणाली, "मी येते. पण घरी कळता कामा नये हं."

ही वहिनी म्हणजे धाकट्याची आईच. आमची आई गेली तेव्हा तो शाळेत होता. वहिनी या घरात आली आणि तिने त्याला वाढवलं. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या तरी ती आजही त्याचा डबा भरते, दादाच्या नकळत. घरात दोघांचा जीव कुठे एकत्र अडकला असेल तर तो तिच्यात. हे लक्षात ठेवा.

गुरुवारी सकाळी मी गाडी घ्यायला गेले. धाकटा साबणाने हात धूत होता. दादा स्टुलावर बसून चहा पीत होता. शेडमध्ये एक उग्र वास होता, पण शेडमध्ये कधी नसतो? धाकटा मान वर न करता म्हणाला, "ताई, आता मस्त चालेल." मी दादाकडे पाहिलं. दादाने कपात पाहिलं आणि म्हणाला, "जा, उशीर होईल."

जा, उशीर होईल. अजून ते तीन शब्द माझ्या कानात पाणी गेल्यासारखे बसलेत.

गाडी सुरू केली तेव्हा आवाज जोरात होता. गार इंजिन सकाळी जोरातच चालतं, गरम झालं की खाली येतं. साहेबांनी सांगितलेलं मैदान तर मागच्याच रस्त्याला. वहिनी कोपऱ्यावर पिशवी घेऊन उभीच होती. पोचलो. साहेब आले, माझ्या जागेवर बसले, मांडीवर फाइल उघडली. दोन जादा पेडल त्यांच्या पायांपुढे, त्यांचे बूट मागे दुमडलेले. मी मागच्या सीटवर, वहिनीच्या पिशवीशेजारी. माझ्या पायाखाली काही नाही, नुसतं पायपुसणं.

साहेब बराच वेळ लिहीत बसले. इंजिन चालूच. तापमानाचा काटा मधे आला, आवाज खाली येईना. वहिनीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं.

"साहेब, एक मिनिट," मी म्हटलं. "इंजिन जरा..."

"मागच्यांनी बोलायचं नाही," साहेब म्हणाले. "नाहीतर परीक्षा कुणाची, तुमची की त्यांची? घ्या हो बाई, खांबांमधून."

आता काय बोलणार? बोलले तर परवाना गेला, गप्प बसले तर निदान वहिनीचा पाय होता. मी गप्प बसले. वहिनीने रोजच्यासारखा क्लच सोडायला घेतला, हळू, अगदी हळू. आणि गाडीने अशी उडी मारली की पहिल्याच धक्क्याला तिचा पाय क्लचवरून सटकला. पहिला खांब आडवा. दुसरा आडवा. साहेबांची फाइल काचेवर. मी ओरडले, "किल्ली!" तिने ब्रेक दाबला, किल्ली फिरवली, आणि गाडी मैदानाच्या कडेच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर जाऊन थांबली. डावा दिवा फुटला. साहेबांच्या कपाळाला टेंगूळ आलं. वहिनीचं मनगट स्टिअरिंगमध्ये मुरगळलं आणि तिथल्या तिथे सुजायला लागलं. ठोकळ्यापलीकडे चहावाल्याचं बाकडं होतं, त्यावर माणसं बसली होती. ठोकळा नसता तर? जाऊ दे. तो विचार मी रोज करते, इथे नको.

साहेब उतरले, कपाळ दाबत म्हणाले, "बाईंचा दोष नाही. त्यांनी किल्ली बंद केली, हे तुम्ही शिकवलंत, तेही दिसलं. पण असल्या गाडीत माणसं बसवता? परवाना थांबवतोय." आणि रिक्षा करून गेले.

मी बॉनेट उघडलं. हवेचा रबरी पाइप काढला आणि आत पाहिलं. नळी लख्ख! काजळीचा कण नाही, झडपेची कड चांदीसारखी. आणि टेकूच्या स्क्रूवर दादाचा लाल ठिपका, जसाच्या तसा. म्हणजे रात्री धाकट्याने नळी साफ केली होती. पांढरा ठिपका नव्हता, कारण त्याने स्क्रू हलवलाच नव्हता. नियम पाळला होता हो, नियम अगदी काटेकोर पाळला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडी मीच चालवत शेडपर्यंत आणली, सगळी वाट ब्रेक आणि क्लच दाबत. वहिनी मागच्या सीटवर मनगट धरून बसली होती. "मी उतरणार नाही," ती म्हणाली. "यांना कळलं तर उद्यापासून बाजारही बंद." ठीक आहे म्हटलं, बस. मी एकटी उतरले.

आधी धाकट्याकडे गेले. "लाल ठिपका दिसला होता का तुला?"

"कुठला?"

"माझ्यासमोर वेड पांघरू नकोस. टेकूच्या स्क्रूवरचा."

त्याने फडक्याला हात पुसले. "दिसला. काय घाण काम करून ठेवलं होतं, ताई! काजळीचे थर, आणि वरून स्क्रू आवळलेला. बहिणीच्या गाडीला असं करतात? मी निम्मी रात्र घालवून साफ केलं."

"आणि स्क्रू?"

"स्क्रू त्याचा. त्याच्या स्क्रूला मी का हात लावू? ज्याने आवळला त्याने सोडवावा. पळू दे की जरा साहेबांसमोर, कळू दे लोकांना कोण कसं काम करतं ते."

मी दादाकडे वळले. त्याने सगळं ऐकलं होतं, तरी पट्ट्याच्या पलीकडे उभा होता, जसं काही आम्ही दुसऱ्या गावात बोलतोय.

"आणि तू? सकाळी वास आला होता ना तुला? त्या फवाऱ्याचा?"

"आला."

"मग कळलं नाही, नळी साफ झालीय ते?"

"कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला न विचारता माझ्या कामात हात घालतो," दादा म्हणाला, "तर निस्तरेल की. मला वाटलं, जरा आवाज करेल, साहेब विचारेल, कुणी साफ केलं? मग तू नाव सांगशील. त्याचं." मग म्हणाला, "तुझ्या पायाखाली ब्रेक असतो. सांभाळशील म्हटलं."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं असतात, मला माहीत आहे. पण या दोघांनी नाकसुद्धा स्वतःचं वापरलं नाही. नाक माझं वापरलं.

"परवाना गेला माझा," मी म्हटलं. "गाडी ठोकळ्यावर आदळली. कळतंय का? माणसं होती पलीकडे."

दादाने गाडीच्या फुटलेल्या दिव्याकडे पाहिलं. "दिवा मिळून जाईल," तो म्हणाला. धाकटा म्हणाला, "बंपर मी सरळ करून देतो." बस. एवढंच. एकाने दिवा, एकाने बंपर. अरे, तुम्हाला काही वाटतं की नाही? मी आणखी काहीतरी बोलणार होते, फार वाईट बोलणार होते, तेवढ्यात माझ्या मागे गाडीचं दार वाजलं.

वहिनी उतरली होती. तिचं मनगट पोळीच्या लाटण्याएवढं सुजलं होतं. केस विस्कटलेले, हातात बाजाराची रिकामी पिशवी.

"ही... ही कुठे होती?" दादा म्हणाला.

"स्टिअरिंगवर," मी म्हटलं. "चालवत होती ती. मी मागे होते. ब्रेक साहेबांच्या पायाशी होता."

आणि मग माझ्या भावांचे चेहरे बघायला हवे होते तुम्ही. दादा पांढराफटक पडला. धाकट्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. "वहिनी!" म्हणत तो धावला, दादा इकडून धावला, आणि दोघं पट्ट्यावर एकमेकांना धडकले.

"स्टूल घे, स्टूल!" दादा ओरडला.

"पाणी कुठाय तुझ्याकडे?"

"माठात बघ. आधी बर्फ आण तू, समोरून, पळ!"

"तू धर तिला, मी आणतो, दादा."

'दादा' अशी हाक मारली त्याने. इतक्या वर्षांनी. सरळ, तोंडावर, मधे मी नसताना. दादाने वहिनीला स्टुलावर बसवलं, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि हमसून हमसून रडायला लागला. 'मला माहीत असतं तर,' एवढंच म्हणत होता. 'तू आहेस हे मला माहीत असतं तर.' धाकटा बर्फ घेऊन धापा टाकत आला, तिच्या पायाशी बसला, तेच म्हणायला लागला. "वहिनी, आईशप्पथ, तू असशील असं स्वप्नातही नव्हतं. कळलं असतं तर तो स्क्रू मी दातांनी काढला असता."

वहिनी त्या दोघांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघत होती.

मी तिथेच उभी होते, ऑइल पेंटच्या पट्ट्यावर. माझ्या गुडघ्याला पुढच्या सीटचा मार लागला होता, सलवारवर रक्ताचा डाग होता. तो कुणाला दिसला नाही आणि मी दाखवलाही नाही.

"मीही त्याच गाडीत होते," मी म्हटलं.

धाकट्याने वर पाहिलं. "हो गं ताई. पण तुला येतं ना सांभाळायला."

मग दादाने डोळे पुसले, नाक शिंकरलं, उठून गाडीकडे गेला. थोरला ना तो. बॉनेटमध्ये डोकावला, आपल्या लाल ठिपक्याकडे बघत राहिला आणि सवयीने, अगदी सवयीने, माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "त्याला सांग, स्क्रू मागे घे म्हणावं. मी काही म्हणणार नाही."

धाकटा वहिनीच्या मनगटावर बर्फ धरून होता, दादापासून चार पावलांवर. तो म्हणाला, "त्याला सांग, त्यानेच घ्यावा. लाल आहे."

मी बॉनेट आपटून बंद केलं. दादाची बोटं थोडक्यात वाचली, वाचायला नको होती. किल्ली माझ्याकडेच होती. पुढच्या चौकात एक परका मेकॅनिक बसतो, त्याचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे जायचं ठरवलं.

"वहिनी, येतेस?"

वहिनीने मनगटावरचा बर्फ धाकट्याच्या ओंजळीत ठेवला, स्टुलावरून उठली आणि पिशवी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. दादा काचेशी वाकून माझ्याशी बोलला, "हिला सांग, उतर म्हणावं."

"तूच सांग," मी म्हटलं, आणि क्लच सोडला.